ब्रुजमधल्या तळघरातल्या बारमध्ये पहिल्यांदा जाताय? बेल्जियन बिअर आणि व्हिस्कीची संध्याकाळ, पायरी पायरीने

बेल्जियममध्ये फिरायला, शिकायला किंवा प्रोजेक्टवर आलेली आपली मंडळी ब्रुजला जातातच. बोटीतून कालव्याची चक्कर, चौकातला तो ८३ मीटर उंच मनोरा, चॉकलेट, वॉफल, फोटो, आणि संध्याकाळी सहाच्या ट्रेनने परत. म्हणजे दिवसाची गर्दी ओसरून गाव जरा श्वास घेतं आणि तळघरातले बार भरायला लागतात, नेमकं तेव्हाच आपण स्टेशनवर उभे असतो. मला मनापासून वाटतं की ज्याला बिअर किंवा व्हिस्कीची थोडी जरी आवड आहे त्याने ब्रुजची एक संध्याकाळ जमिनीखाली घालवावी, आणि नीट माहिती घेऊन घालवावी, कारण तयारी न करता गेलं तर दीड तासात डोकं गरगरायला लागतं आणि काय प्यायलो ते दुसऱ्या दिवशी आठवत पण नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, बाकी सगळं याच्यावरच उभं आहे. तिथली बिअर पेग मोजतो तशी मोजायची. हिशोब बघा: आपल्याकडची साधी किंगफिशर प्रीमियम, ६५० मिलीची मोठी बाटली, ४.८ टक्के, म्हणजे आत शुद्ध अल्कोहोल साधारण ३१ मिली. वेस्टमाल ट्रिपेल ३३० मिलीची छोटी बाटली, ९.५ टक्के, आत अल्कोहोल तेवढंच, ३१ मिली. आणि रोशफोर १० ही बिअर ११.३ टक्क्यांची आहे, तिच्या एका छोट्या बाटलीत ३७ मिली, म्हणजे आपल्या व्हिस्कीचे जवळजवळ तीन थर्टी, आणि दोन बाटल्या प्यायलात तर जवळपास एक क्वार्टर रिचवली असं समजा. चव गोडसर, मऊ, कुठेही जळजळ नाही, त्यामुळे कळतच नाही. एवढं डोक्यात ठेवलं की पुढच्या सगळ्या गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

ही बिअर एवढी कडक का, याचं एक कारण कायद्यात आहे. १९१९ साली बेल्जियममध्ये व्हांडरव्हेल्डे नावाच्या मंत्र्याने कायदा आणला आणि कॅफे-बारमध्ये कडक दारू, म्हणजे जिनेव्हर वगैरे, द्यायलाच बंदी झाली. दुकानातून घ्यायची तर एकदम किमान दोन लिटर घ्यावी लागायची, जे कामगार माणसाच्या खिशाला परवडणारं नव्हतं. मग बारमध्ये बसून जरा जोरदार काहीतरी हवं असलेल्या माणसासाठी बिअरच जोरदार होत गेली, ७-८-९ टक्क्यांच्या बिअरना त्यामुळे मोठा आधार मिळाला असं मानतात. तो कायदा उठला १९८३ साली. म्हणजे ६४ वर्षं जिथे व्हिस्कीचा ग्लास समोर येऊच शकत नव्हता त्या बारच्या मेनूत आज बिअरच्या पानांनंतर व्हिस्कीचं पान येतं, आणि आता तर बेल्जियमची स्वतःची सिंगल माल्ट पण आहे. हे माहीत असलं की ती यादी वाचायला वेगळीच मजा येते.

पायरी १: ठिकाण

ब्रुजमध्ये तळघरातले दोन बार नवख्यासाठी उत्तम आहेत. एक पोआटर्सगाट, व्लामिंगस्ट्राट ८२. मुख्य चौकातून, म्हणजे मार्क्टवरून, व्लामिंगस्ट्राटने सरळ उत्तरेला चालत जायचं. वाटेत तेर बर्झ ही जुनी इमारत लागते, मध्ययुगात परदेशी व्यापारी इथे जमून सौदे करायचे आणि युरोपातल्या शेअर बाजाराची सुरुवात लोक इथूनच धरतात, ती बघून घ्या. मग पुढे ८२ नंबर शोधताना नजर खाली ठेवा कारण दार बुटकं आहे, भिंतीतल्या भोकासारखं, बऱ्याच जणांना ते दिसतच नाही आणि ते पुढे निघून जातात. वाकून आत शिरायचं, जिना उतरायचा, आणि खाली एकदम मोठ्ठी जागा उघडते, एकमेकींना छेदणाऱ्या दगडी कमानी, मेणबत्त्या, मंद दिवे. शंभरच्या वर बेल्जियन बिअर आहेत आणि ट्रॅपिस्ट, म्हणजे मठात बनलेल्या, बिअरची निवड छान आहे.

दुसरा ल ट्रॅपिस्ट, कौपर्सस्ट्राट ३३, मार्क्टपासून अगदी जवळ. हे तळघर तेराव्या शतकातलं आहे, म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादवांचं राज्य होतं तेव्हाचं. नळावरच्या बिअर पण भरपूर आणि स्टाफला माल माहीत आहे, विचारलं की नीट सांगतात. पहिल्यांदाच जाणार असाल आणि प्रश्न विचारायचे असतील तर मी इथे जा म्हणेन, नुसतं शांत बसायचं असेल तर पोआटर्सगाट.

ब्रसेल्सचं डेलिरियम पण तळघरातच आहे आणि २००४ साली २,००४ प्रकारच्या बिअर ठेवून त्यांनी गिनेस रेकॉर्ड केला होता, पण तिथे गर्दी, आरडाओरडा, टूरिस्ट लोकांचे मोठे घोळके, काउंटरवर जाऊन रांगेत ऑर्डर. मजा आहे त्यात, पण ती वेगळी मजा. पहिली संध्याकाळ तिथे नको.

भारतातून आईबाबा आलेत आणि त्यांना पण न्यायचंय तर तळघराच्या जिन्याचा आधी विचार करा. पायऱ्या उभ्या, अरुंद, आणि वर येताना तर जास्तच जपावं लागतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर सरळ केमेलस्ट्राटवरच्या ब्रुग्स बेर्टिएला जा, ते तळघरात नाहीये पण १९८३ पासूनचं बिअर कॅफे आहे आणि ३०० च्या आसपास बिअर ठेवतात, बिअरवाल्या लोकांत त्याचं नाव फार आदराने घेतलं जातं.

पायरी २: दिवस आणि वेळ

ब्रसेल्सहून ब्रुज ट्रेनने साधारण एक तास, गेंटहून २५ मिनिटांच्या आसपास. स्टेशनपासून मार्क्ट चालत २० मिनिटं. हे बार दिवसा उशिरा उघडतात आणि प्रत्येकाचा बंद असायचा वार वेगळा असतो, त्यामुळे निघायच्या दिवशीच वेळ तपासा. शुक्रवार-शनिवारी रात्री आठनंतर जागा मिळणं कठीण होतं, आठवड्याच्या मधल्या वारी संध्याकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर कोपऱ्यातलं टेबल मिळतं आणि बार सांभाळणाऱ्या माणसाला तुमच्याशी बोलायला वेळ पण असतो. चार जणांपेक्षा जास्त नका जाऊ. टेबलं छोटी असतात, आणि ऑफिसची दहा जणांची टीम घेऊन गेलं की कमानीखाली आवाज असा घुमतो की बाकीच्यांची संध्याकाळ वाया जाते.

परतीच्या शेवटच्या दोन ट्रेनच्या वेळा वर असतानाच बघून फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, जाड भिंतींच्या आत नेटवर्क दगा देऊ शकतं. जमत असेल तर त्या रात्री ब्रुजलाच राहा, घड्याळाकडे बघत बसायला नको. आणि गाडी अजिबात नको. बेल्जियममध्ये रक्तात प्रति लिटर ०.५ ग्रॅमची मर्यादा आहे, आणि वर सांगितलेल्या बिअरनी ती किती पटकन ओलांडली जाते हे वेगळं सांगायला नको. सायकल भाड्याने घेतली असेल तर ती पण हॉटेलवर ठेवून या, दारू पिऊन सायकल चालवणं तिथे गुन्ह्यातच येतं.

वयाचं म्हणाल तर बिअर-वाइनला १६ आणि व्हिस्कीसारख्या कडक दारूला १८, त्यामुळे महाराष्ट्रातल्या २१ आणि २५ च्या हिशोबाने वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना जरा आश्चर्य वाटतं.

पायरी ३: आधी जेवून घ्या

तळघरातल्या बारमध्ये पूर्ण जेवण मिळेलच असं नाही, आणि रिकाम्या पोटी ट्रिपेल म्हणजे संध्याकाळ संपलीच. सहाच्या सुमाराला कुठेतरी नीट जेवा. जे बीफ खात नाहीत त्यांनी एक लक्षात ठेवा: बेल्जियमचे फ्राइज बऱ्याच ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, तेव्हा दिसायला बटाटा असला तरी विचारल्याशिवाय खाऊ नका, वनस्पती तेलात तळणारे पण भरपूर आहेत.

बारमध्ये चकणा म्हणून चीज मागवा. चीजचे चौकोनी तुकडे, बरोबर मोहरीची चटणी आणि सेलरीचं मीठ. साधं वाटतं पण कडक बिअरबरोबर इतकं चांगलं लागतं की मी दुसरं काही मागवतच नाही. मिक्स प्लेट मागवली तर त्यात सलामी असते, शाकाहारी असाल तर फक्त चीज असं स्पष्ट सांगा. आणि पाण्याची बाटली पहिल्याच ऑर्डरमध्ये. साधं पाणी हवं असेल तर 'प्लाट' म्हणायचं, नाहीतर बुडबुड्यांचं येतं. पाणी फुकट नसतं, पण तिथे वाचवू नका.

पायरी ४: आत गेल्यावर

ब्रुजमध्ये डच बोलतात, फ्रेंच नाही. शाळेत शिकलेलं फ्रेंच इथे काढू नका, त्यापेक्षा इंग्लिश बोललेलं बरं, सगळ्यांना येतं. आत शिरताना नजरानजर झाली की नमस्कारादाखल मान हलवायची, रिकामं टेबल दिसलं की बसायचं, मेनू येतो. टेबलवर ऑर्डर घ्यायला येतात, टाळ्या वाजवून किंवा 'बॉस' म्हणून हाक मारून बोलवायचं नसतं, वेळ लागतो, लागू द्या. 'डांक यू' म्हणजे थँक यू, एवढं एक तरी म्हणा. ग्लासला ग्लास लावताना 'गेझोंडहाइट' आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं.

बाई एकटी जाऊन बसली, पुस्तक वाचत एक बिअर प्यायली, यात तिथे कोणालाही काही वाटत नाही, मी कितीतरी वेळा बसलेय. आपल्याकडे बार म्हटलं की जे डोक्यात येतं ते घेऊन जाऊ नका. धूर पण नसतो, २०११ पासून कॅफेंमध्ये सिगरेट बंद आहे. जॅकेट मात्र जवळ ठेवा, खाली गारवा असतो.

ग्रुपमध्ये कोणी न पिणारं असेल तर त्यांच्यासाठी नुसता कोक मागवू नका. ब्रुजमधल्याच द हाल्व मान ब्रुअरीची स्पोर्ट झॉट म्हणून ०.४ टक्क्यांची बिअर आहे, चवीला खरंच बिअर आहे. अगदी शून्य हवं असेल तर मात्र ज्यूस.

पायरी ५: यादी वाचायला शिका

इथे घाई करू नका. मेनू म्हणजे छोटं पुस्तक असतं, आणि पहिल्यांदा उघडलं की माणूस घाबरून ओळखीचं नाव शोधतो आणि लेफ मागवतो. लेफ वाईट नाही, पण ती भारतात सुद्धा मिळून जाते.

पहिली गोष्ट, नावापुढची टक्केवारी. प्रत्येक बिअरपुढे ती छापलेली असते, डोळे आधी तिकडे. ५-६ टक्के म्हणजे निवांत, ७-८ म्हणजे सांभाळून, ९ च्या वर म्हणजे ही आजची मुख्य. आणि नावातला आकडा म्हणजे टक्के नव्हेत. रोशफोर ६, ८ आणि १० असतात, त्यांची ताकद अनुक्रमे ७.५, ९.२ आणि ११.३ टक्के. वेस्टव्हलेटरेन १२ ही १०.२ टक्क्यांची आहे. हे आकडे ब्रुइंगच्या जुन्या बेल्जियन मापाचे आहेत, वर्टची, म्हणजे बिअर आंबायच्या आधीच्या गोड रसाची, घनता मोजायचं माप होतं ते.

दुसरी गोष्ट, ट्रॅपिस्ट आणि ॲबी यातला फरक. ट्रॅपिस्ट म्हणजे खरोखर मठात बनलेली. १९९७ पासून षटकोनी शिक्का आहे त्यासाठी, आणि तो मिळवायचा तर बिअर मठाच्या आवारात बनली पाहिजे, साधूंच्या देखरेखीखाली बनली पाहिजे, आणि नफा मठाच्या गरजा आणि दानधर्म यांच्यासाठीच गेला पाहिजे. बेल्जियममध्ये आज असे पाच आहेत: वेस्टमाल, वेस्टव्हलेटरेन, शिमे, ऑर्व्हाल, रोशफोर. आखेल सहावी होती, पण मठात साधूच उरले नाहीत म्हणून २०२१ मध्ये तिचा शिक्का गेला. ॲबी बिअर म्हणजे मठाचं नाव, पण बनवते कंपनी, लेफ त्यातलीच. दोन्ही चांगल्या असू शकतात, फक्त काय पितोय ते माहीत असावं.

मग प्रकार. ब्लाँड म्हणजे सोनेरी, हलकी. डुब्बेल म्हणजे तपकिरी, मनुका-खारकेच्या वळणाची. ट्रिपेल परत सोनेरी पण कडक, दिसण्यावर जाऊ नका. क्वाड्रुपेल गडद आणि सगळ्यात जड. व्हिट म्हणजे गव्हाची, धणे आणि संत्र्याच्या सालीची, पुण्यात डूलालीत बेल्जियन व्हिट प्यायला असाल तर ही ओळखीची वाटेल.

आणि लांबिक. याच्यावर जरा थांबते कारण हा प्रकार जगात दुसरीकडे कुठे असा सहज भेटत नाही. ब्रसेल्स आणि त्याच्या पश्चिमेला लागून असलेल्या पट्ट्यात बनवतात, यीस्ट टाकतच नाहीत, गरम वर्ट उथळ भांड्यात रात्रभर उघडं ठेवतात आणि हवेतलं जे काही येऊन पडेल ते आंबवतं. मग लाकडी पिंपात वर्षं. एक, दोन आणि तीन वर्षांची लांबिक मिसळून बाटलीत परत फसफसवली की ती ग्युझ. आंबट असते, चांगलीच आंबट. कोकणातल्या लोकांना मी सांगते, दुपारनंतर चढलेली माडी आठवा, ती पण हवेतल्या यीस्टवरच आंबते, त्यामुळे आपल्या जिभेला ही चव वाटते तितकी परकी नाही. गोड अपेक्षेने प्यायलात तर मात्र तोंड वाकडं होईल. चेरी घातलेली ती क्रीक. बाटलीवर ग्युझ किंवा क्रीकच्या आधी 'औडे' लिहिलेलं असेल तर ती पारंपरिक, आंबट. नसेल तर बहुतेक गोड सरबती असते.

काही कळलं नाही तर सरळ सांगा, मला गोड आवडतं, कडू आवडत नाही, कॉफी आवडते, जे असेल ते. एवढ्यावर ते नेमकी बाटली काढून देतात, आणि त्यांचं ऐका.

पायरी ६: क्रम

माझा ठाम सल्ला, एका संध्याकाळी तीन बिअर आणि एक छोटी व्हिस्की, त्याच्या पुढे नाही, आणि तेही तीन-साडेतीन तासांत. पिण्याची सवय कमी असेल तर दोन बिअर आणि बस. मार्क्टजवळ एका गल्लीत द गार नावाचा बार आहे, तिथली घरची ट्रिपेल ११ टक्क्यांची आहे आणि एका माणसाला तीनच्या वर देत नाहीत. रोज हेच विकणाऱ्या लोकांनी घातलेली मर्यादा आहे ती, विचार करा.

पहिली हलकी. ब्रुग्ज झॉट ब्लाँड, ६ टक्के, गावातलीच. ही द हाल्व मानमध्ये बनते आणि तिथून ३.२ किलोमीटर लांबीच्या जमिनीखालच्या पाइपलाइनमधून बॉटलिंग प्लांटला जाते, जुन्या दगडी रस्त्यांवरून टँकर न्यायला नको म्हणून २०१६ मध्ये त्यांनी ती टाकली आणि गावकऱ्यांनी, बिअरप्रेमींनी त्यासाठी पैसे पण दिले. तुम्ही ज्या रस्त्यावरून चालत आलात त्याच्याखालून कदाचित तुमची बिअर वाहत होती.

दुसरी, ऑर्व्हाल. ६.२ टक्के. माझी सगळ्यात आवडती, म्हणून जरा जास्त सांगते. मठात एकच बिअर विकायला बनवतात, ही. बाटली बोलिंगच्या पिनच्या आकाराची, लेबलवर तोंडात अंगठी धरलेला मासा. बाटलीत भरताना ब्रेटानोमायसिस नावाचं रानटी यीस्ट घालतात, त्यामुळे ती बाटलीत बदलत राहते. ताजी असेल तर हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) कडवट, फुलांचा वास पुढे येतो, आणि सहा महिने-वर्ष झालं की तो मागे जाऊन कोरडी, मातकट, चामड्यासारखी चव येते. काही बारमध्ये ताजी आणि जुनी दोन्ही ठेवतात, विचारा. दोघं असाल तर एकाने ताजी घ्या, एकाने जुनी, आणि ग्लास बदलून प्या. एकच बिअर आहे यावर विश्वास बसत नाही.

तिसरी, कडक, पण इथे एक योजना आहे. गाउडन कारोलुस ट्रिपेल मागवा, ९ टक्के, मेखेलेन गावच्या हेट आंकर ब्रुअरीची. का ते व्हिस्कीच्या पायरीत येईल. ती नसेल तर वेस्टमाल ट्रिपेल, जिला बाकीचे ट्रिपेल बघून बनले असं लोक मानतात.

वेस्टव्हलेटरेन १२ बद्दल सगळे विचारतात, पिवळ्या झाकणाची. जगातली सर्वोत्तम वगैरे नाव झालंय. बारमध्ये मिळाली तर बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट किंमत असते. बिअर अप्रतिम आहे यात वादच नाही, पण पहिल्याच संध्याकाळी तिच्यावर पैसे घालू नका, त्याच प्रकारची रोशफोर १० नेहमीच्या किमतीत मिळते आणि नवख्या जिभेला दोघींतला फरक कळायला वेळ लागतो. पुढच्या वेळी ठेवा.

पायरी ७: ओतणं आणि फेस

प्रत्येक बिअरचा स्वतःचा ग्लास असतो, त्याच नावाचा, आणि बारमध्ये ते फार मनावर घेतात. ग्लास नसेल तर काही ठिकाणी आधी विचारतात की दुसऱ्या ग्लासात चालेल का. ग्लास चोरून आणायचा नाही, दुकानात विकत मिळतात.

बहुतेक वेळा तेच ओतून देतात. तुम्हाला ओतायचं असेल तर ग्लास तिरका धरा, एका धारेत सावकाश ओता, शेवटी सरळ करा म्हणजे फेस येईल. दोन बोटं फेस हवाच. आपल्याकडे फेस दिसला की बिअर कमी दिली असं वाटतं, इथे फेसामुळेच वास वर येतो आणि बिअर लवकर मरत नाही, ग्लासवर मापाची रेघ पण असते, त्यामुळे काळजी करू नका. बाटलीत शेवटचा एक सेंटीमीटर ठेवून द्या, तळाला यीस्टचा गाळ असतो. तो वाईट नसतो, बरेच जण वेगळा पितात, पण ग्लासात गेला की बिअर गढूळ होते आणि चव बदलते. गव्हाच्या बिअरमध्ये मात्र मुद्दाम हलवून घालतात.

आणि चिल्ड मागू नका. गडद बिअर १२-१३ अंशांच्या आसपास बऱ्या लागतात, फार थंड असल्या तर काहीच कळत नाही. अर्धा ग्लास संपेपर्यंत बिअर जराशी कोमट होते आणि मग सुकामेवा, कारमेल, मसाला असं एकेक उलगडायला लागतं. म्हणूनच हळू प्यायची, यात संयमाचा उपदेश काही नाही, चवच तशी येते.

पायरी ८: व्हिस्की

व्हिस्की शेवटी. आधी घेतली तर जीभ बधिर होते आणि बिअर पाण्यासारखी लागते. मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा, पाणी प्या, एक-दोन चीजचे तुकडे.

पान उघडलं की स्कॉच दिसतील, त्या घरी पण मिळतात. बेल्जियन काय आहे ते विचारा. गाउडन कारोलुस सिंगल माल्ट असेल तर तीच घ्या. हेट आंकरवाल्यांचीच, ब्लासव्हेल्ड गावात त्यांची डिस्टिलरी आहे, आणि ज्या मॅशपासून, म्हणजे भरडलेलं धान्य आणि गरम पाण्याच्या मिश्रणापासून, त्यांची ट्रिपेल बनते त्याच मॅशपासून ही व्हिस्की काढतात. तुम्ही आत्ताच ती ट्रिपेल प्यायलाय. एकाच धान्याचे दोन रस्ते, एक बाटलीत गेला, एक भट्टीतून पिंपात गेला, आणि दोन्ही अर्ध्या तासात तुमच्या समोर. या संध्याकाळची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

दुसरी बेल्जियन आउल, लिएजच्या बाजूच्या हेस्बे भागातली, तिथल्याच शेतातल्या बार्लीपासून. २००४ साली सुरू झाली, आणि तिच्या तांब्याच्या भट्ट्या स्कॉटलंडमधल्या बंद पडलेल्या कॅपरडॉनिक डिस्टिलरीतून आणल्यात. चवीला हलकी, नाशपाती-व्हॅनिलाच्या बाजूची, धुराचा वास नाही, त्यामुळे ज्यांना व्हिस्की झोंबते त्यांना हीच द्या. गोव्याची पॉल जॉन प्यायला असाल तर तुलना करून बघा: गोव्याच्या उकाड्यात पिंपातली व्हिस्की भराभर मुरते आणि भराभर उडते, म्हणून ती भरदार, दाट लागते, इथल्या थंडीत सगळं सावकाश.

माप नीट विचारा. तिथला एक ग्लास आपल्या थर्टीपेक्षा मोठाच असतो, साधारण ४ सेंटिलिटर म्हणजे ४० मिलीच्या आसपास, आणि वर ४६ टक्क्यांची असेल तर आणखी. दोघांत एक घेतली तरी चालते, रिकामा ग्लास आनंदाने देतात. सोडा, बर्फ, कोक काही नको. आधी नुसती, मग चमचाभर पाणी. सिंगल माल्टमध्ये सोडा मागितला तर देतील, पण मग इथपर्यंत येऊन ती घ्यायची कशाला.

पायरी ९: बिल, आणि सोबत काय न्यायचं

जुलै २०२२ पासून बेल्जियममध्ये दुकान-बारला रोखीशिवायचा एक तरी पर्याय द्यावाच लागतो, तरी तुमचं भारतातलं कार्ड प्रत्येक मशीनवर चालेल याची खात्री नको, ४०-५० युरो रोख जवळ ठेवा. टिप सक्तीची नाही, सुटे सोडून दिले तरी छान. जिना चढताना कठडा धरा, आणि दाराशी वाकायला विसरू नका, निघताना डोकं आपटणारे येणाऱ्यांपेक्षा जास्त असतात.

आवडलेल्या बिअरचा फोटो काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी दुकानात किंवा सुपरमार्केटमध्येच घ्या, बारपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात. भारतात परतताना प्रत्येकी दोन लिटर दारू ड्यूटीशिवाय आणता येते, म्हणजे ३३० मिलीच्या बरोबर सहा बाटल्या, आणि विमानतळावर व्हिस्की घेतलीत तर ती यातच धरायची. चेक-इन बॅगेत, प्रत्येक बाटली जाड मोज्यात आणि मग प्लास्टिकच्या पिशवीत, बॅगेच्या मधोमध. माझी निवड: दोन ऑर्व्हाल, दोन रोशफोर १०, एक वेस्टमाल ट्रिपेल, एक औडे ग्युझ. घरी आल्यावर बाटल्या उभ्या ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसतो, उजेडापासून लांब, आणि आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवू नका, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि प्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा. ट्रिपेल दोन-तीन महिन्यांत संपवा. ऑर्व्हालची एक लगेच उघडा आणि दुसरी पुढच्या वर्षासाठी राहू द्या.